सरांच्या कोडातली चूक

स्टाफरूममधला चहा एके दिवशी अगदीच पाणचट लागला. आम्ही सगळ्यांनी तोंडं वाकडी करत का होईना, प्यायला. भूगोलाचे सर मात्र कप हातात घेऊन थेट चहावाल्या मावशींसमोर जाऊन उभे राहिले.

"मावशी, काय बदललं?"

"काय बदलायचंय, सर? तीच पत्ती, तीच साखर."

"मग कुणी बदललं? कवा बदललं?"

मावशी करवादल्या, भांडी आपटली, आणि शेवटी कबूल झाल्या की सोमवारपासून दूध दुसऱ्या गवळ्याचं येतं. झालं! सरांचा जीव भांड्यात पडला. चहा पुढं महिनाभर तसाच पाणचट राहिला, पण त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. कारण सापडलं ना, मग बास.

हे तीन प्रश्न ते सगळ्यांना विचारायचे. बाकाचा पाय डुगडुगला, नळाला पाणी आलं नाही, एखादी हुशार पोरगी गणितात नापास झाली, की काय बदललं, कुणी बदललं, कवा बदललं. हेडसर एका सकाळी विनाकारण सगळ्यांवर डाफरत सुटले, तर सर शांतपणे म्हणाले, "सर, घरी काय बदललं?" आम्ही वह्यांत तोंडं खुपसून हसलो. हेडसर हसले नाहीत. त्यांनी ते मनात ठेवलं असावं, असं मला आता वाटतं.

सर अजिंठ्याकडच्या एका खेड्यातले. उंच, काटकुळे. फोन उचलला की "जयभीम, बोला" म्हणायचे आणि मग समोरचा थांबेपर्यंत चिडीचूप. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी गवंड्याचा ओळंबा आणि दोऱ्याची गुंडी. जाता येता कुठल्याही भिंतीला, दाराला, फोटोला ओळंबा लावून बघायचे आणि "अर्धं बोट गेलंय" असं स्वतःशीच पुटपुटायचे. नकाशा मात्र नुसत्या हातानं काढायचे. महाराष्ट्राची सगळी सीमा एका रेघेत, खडू न उचलता. रेघ जिथून निघाली तिथंच येऊन मिळाली की पोरं बाकं वाजवायची. पाचवीची असोत की दहावीची, बाकं वाजायचीच.

मी त्या शाळेत लागले तेव्हा शिक्षण सेवक होते. म्हणजे तीन वर्षं मानधनावर राबायचं, सगळ्यांना हो म्हणायचं, आणि फाइल पास झाली तर कायम. विज्ञान शिकवायचे, आणि वयानं लहान म्हणून कॉम्प्युटरची खोलीही माझ्याच गळ्यात मारली होती. त्या खोलीत भिंतभर एक पांढरा बोर्ड होता. वर प्रोजेक्टर टांगलेला, बाजूला कॉम्प्युटर. बोर्डावर खास पेनानं लिहिलं की ते कॉम्प्युटरमध्ये उमटायचं आणि प्रोजेक्टरमधून परत बोर्डावर दिसायचं. कुणा दात्यानं दिलेला. दोन वर्षं चालला, मग कॉम्प्युटर बसला. नव्या कॉम्प्युटरवर फुकटातली, सगळ्यांना खुली असलेली सिस्टीम आली, आणि ती या बोर्डाला ओळखच दाखवीना. बोर्डाच्या कंपनीला फोन केला तर कंपनीच बंद पडलेली.

हेडसर म्हणाले, "झाका त्याला. वरून चादर टाका."

सरांनी चादर टाकू दिली नाही. सरांना त्या बोर्डावर गोदावरी काढायची होती. पोरांसमोर उगमापासून निघायचं, आणि जिथं जिथं पेन जाईल तिथं खालून धरणं, गावं, पिकं उघडत जायची, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी या माणसानं कॉम्प्युटरची भाषा शिकायला घेतली. इंग्रजी बेताचं. पडद्यावर चूक दाखवणारी ओळ आली की हजेरी घ्यावी तसा एकेक शब्द मोठ्यानं वाचायचे, फाटक्या शब्दकोशात बघायचे आणि लाँगबुकात उतरवून घ्यायचे. मला म्हणायचे, "मॅडम, बोर्ड बोलतो एक बोली, कॉम्प्युटर बोलतो दुसरी. मधी जो दुभाषा लागतो त्याला ड्रायव्हर म्हणत्यात. आपला दुभाषा पळून गेलाय. दुसरा बघू."

दुसरा सापडला. परदेशातल्या चारपाच हौशी लोकांनी मिळून असल्या बोर्डांसाठी एक ड्रायव्हर लिहिला होता. ओपन सोर्स, म्हणजे त्यातल्या सगळ्या ओळी उघड्या. कुणीही वाचाव्यात, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. पण आमचं मॉडेल त्यांच्या यादीत नव्हतं. पेन इथं टेकवलं की रेघ हातभर लांब उमटायची. सर संतापायचे. "हात हितं आन् रेघ तिथं? ह्यानं गोदावरी आंध्रातून निघंल की, मॅडम!"

बोर्डाला जागा समजावून देण्याची एक रीत असते. पडद्यावर नऊ ठिपके येतात, एकेक ठिपका पेनानं बरोबर टिपायचा. हे करताना सर वर्गाला श्वास रोखायला लावायचे. बाक हललं की जमीन हलते, जमीन हलली की भिंत हलते, असं त्यांचं म्हणणं. चाळीस पोरं गाल फुगवून लालबुंद बसलेली, आणि सर सावकाश, फार म्हणजे फारच सावकाश, एकेक ठिपका टिपताहेत. पाचव्या ठिपक्याला कुणीतरी फुस्सकन हसायचं. मग पहिल्यापासून.

आणखी एक त्यांचं होतं. बिघडलेलं काहीही बंद करून पुन्हा चालू करायला त्यांची सक्त मनाई. आपण सगळे पहिल्यांदा तेच करतो ना! सर धावत यायचे. "नका, नका! चालू केलं की चूक पळून जाती. मग ती कुठं शोधायची?" नुसतं चालू होण्यात त्यांना रस नव्हता. का बंद पडलं, हे कळल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही.

पाच-सहा महिन्यांत रेघ हाताखाली आली. पण नवंच त्रांगडं झालं. सकाळी रेघ बरोबर, आणि मोठ्या सुट्टीनंतर दोन बोटं उजवीकडं. रोज. सगळे म्हणाले, सरांच्या ड्रायव्हरचा दोष. मीही म्हणाले. सरांनी कुणाशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडं आले आणि म्हणाले, "मॅडम, टिकली द्या."

"अं? कपाळावरची?"

"पाकीट नसतंय का तुमच्याकडं?"

पडद्यावर त्यांनी एकच ठिपका ठेवला, बोर्डावर तो जिथं पडला तिथं माझी मरून टिकली चिकटवली, आणि खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात घातली. दुपारी दोनला आम्हाला सगळ्यांना घेऊन गेले. ठिपका टिकलीवरून घसरून दोन बोटं उजवीकडं गेला होता. पेनाला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. म्हणजे बोर्ड बरोबर, ड्रायव्हर बरोबर, चित्रच सरकत होतं! आमच्या संभाजीनगरचं ऊन, वर पत्र्याचं छत. पत्रा तापला की प्रोजेक्टर ज्या लोखंडी पट्टीला टांगला होता ती वाकायची. सरांनी सुतार आणून प्रोजेक्टर भिंतीच्या फळीवर बसवून घेतला, आणि पुढं आठवडाभर भेटेल त्याला धरून सांगत होते, "बिचाऱ्या ड्रायव्हरवर उगाच आळ आला होता."

त्यांनी केलेली दुरुस्ती त्या परदेशातल्या लोकांना पाठवायची ठरली. ते मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचे. दोन-तीनदा पत्रं गेली-आली आणि त्यांनी दुरुस्ती स्वीकारली. मदत करणाऱ्यांच्या यादीत सरांचं नाव लागलं. नावापुढं सरांनी शाळा नाही, शहर नाही, आपलं खेडं घातलं होतं. त्या यादीचा कागद छापून त्यांनी मला दाखवला. बाकी कुणाला दाखवला नाही. "आपल्यासारखाच बोर्ड असल्याल्या दोन शाळा हायत तिकडं," ते म्हणाले. "त्यांची पोरं बी आता नकाशे काढत्याल." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मला उगाच वर्गावर जायची घाई झाली.

आता ते सांगते, जे चार वर्षं कुणाला सांगितलं नाही.

शाळेची वार्षिक तपासणी होती. पथक येणार, खोल्या बघणार, आणि हेडसरांनी मला सुचवून ठेवलं होतं की माझ्या कायम होण्याच्या कागदावर त्यांचा शेराही त्याच आठवड्यात पडेल. सरांचा गोदावरीचा पाठ पथकासमोर ठेवला होता. आदल्या संध्याकाळी मी खोली आवरली. फरशी पुसून घेतली, वायरी गुंडाळल्या. कॉम्प्युटर बंद करायला गेले तर पडद्याच्या कोपऱ्यात रोजचीच चौकट होती, सिस्टीम अद्ययावत करायची का म्हणून विचारणारी. सर तिला कधी हात लावू देत नसत. मला वाटलं, उद्या पाहुणे येणार, सगळं कसं ताजं असावं. जाळ्या काढतो ना आपण, तसं. मी 'हो' दाबलं. पूर्ण होईपर्यंत थांबले, बंद केलं, घरी गेले. काही बदललं की ते दारामागच्या वहीत लिहायचं, अशी सरांची शिस्त होती. तेही केलं नाही. पाहुण्यांसाठी झाडू मारला तर तो कुणी लिहून ठेवतं का?

सकाळी पथक आलं. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पोरांनी सांगायच्या आत श्वास रोखलेले. सरांनी पेन बोर्डावर टेकवलं, त्र्यंबकपाशी, आणि खाली ओढलं.

काही उमटलं नाही.

पुन्हा ओढलं. नाही. पथकातले साहेब घड्याळ बघायला लागले. मला त्याच क्षणी कळलं होतं. कळलं नव्हतं, लक्षात आलं नव्हतं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ समजावलं, पण ते खोटं. सर वळले. चेहरा शांत. मला, शिपायाला आणि मागं उभ्या असलेल्या दोघा शिक्षकांना त्यांनी विचारलं, "काय बदललं?"

शिपाई नाही म्हणाला. ते दोघं नाही म्हणाले.

मी म्हणाले, "काही नाही, सर."

एवढं बोलायला मला काही कष्ट पडले नाहीत. मेली जीभ अशी सरळ चालली की जणू खरंच बोलतेय.

"तुमच्या या फुकटच्या खेळापायी शाळेची अब्रू गेली," हेडसर पथकासमोरच म्हणाले. तास संपायच्या आत त्यांनी कॉम्प्युटरच्या दुकानातल्या माणसाला फोन लावला. संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर पुसून कोरा झाला, वर दुसरी सिस्टीम बसली. सर त्या माणसाला हात जोडून सांगत होते, "एक दिवस थांबा हो, मला बघू तरी द्या." कुणी थांबलं नाही. बोर्ड भिंतीवरून उतरवून अडगळीच्या खोलीत टाकला. सरांकडून लेखी खुलासा मागितला. त्यांनी दोनच ओळी लिहिल्या. काही बदललं नव्हतं, त्या अर्थी चूक पहिल्यापासून माझ्या कोडातच असणार. शोधतो.

दीड महिन्यानं मी कायम झाले. पेढे वाटले. सरांनी अर्धा पेढा घेतला आणि म्हणाले, "लई चांगलं झालं, मॅडम." पुढं दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. त्या दोन वर्षांत त्यांनी फळ्यावर नकाशा काढला नाही. गुंडाळीचा नकाशा खिळ्याला टांगायचे आणि पट्टीनं दाखवायचे. मी रोज ठरवायचे, आज सांगू. मग म्हणायचे, आता सांगून काय उपयोग, सर तरी विसरले असतील.

यंदा पावसाळा संपता संपता शहागंजात मला सर दिसले. हातगाड्यावर सीताफळं निवडत होते. केस पार पांढरे झालेले. गाडेवाल्याशी त्यांचं चाललं होतं, "मियाँ, कल का माल मीठा था, आज क्या बदला?" मला हसू आलं, पुढं होऊन नमस्कार केला. त्यांनी माझ्या मुलाची, शाळेची चौकशी केली. मग सीताफळ हातात तसंच धरून, आपण कालच बोललो होतो अशा सुरात म्हणाले, "अजून सापडली नाय, मॅडम."

"काय, सर?"

"चूक. तीनदा सगळ्या ओळी बघून झाल्या. आता चौथ्यांदा घेतलंय."

रिक्षा करून घरी आले आणि रडले. म्हणजे हा माणूस चार वर्षं, रोज, जी चूक त्यानं केलीच नव्हती ती शोधत बसला होता. माझ्यामुळं.

दोन दिवसांनी छावणीत त्यांच्या घरी गेले. काकूंनी पाणी दिलं. मी पेला खालीही ठेवला नाही, उभ्या उभ्याच सांगून टाकलं. सगळं. संध्याकाळ, चौकट, 'हो', आणि ते "काही नाही, सर."

सर रागावतील, घराबाहेर काढतील, या तयारीनं गेले होते. ते पुढं सरकून बसले.

"किती वाजता?"

"साडेपाचला असेल."

"पूर्ण झालं होतं? मधी बंद नाय ना केलं?"

"पूर्ण झालं होतं, सर."

"व्हय, मग बरोबर!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "सिस्टीम नवी झाली की ड्रायव्हर तिच्या मापानं परत बांधावा लागतो. एक ओळ लिहायची, एंटर मारायचा. पाच मिनिटांचं काम, मॅडम. साहेबांचा चहा व्हायच्या आत झालं असतं." आणि आतल्या दाराकडं वळून ओरडले, "अगं, कोड बरोबर व्हता!"

ते हसत होते. काकू दारात आल्या, त्या हसल्या नाहीत. माझ्याकडं बघत म्हणाल्या, "पोरीच्या लग्नात मांडवातून उठून कॉम्प्युटरवर जाऊन बसले हे. म्हणले, काहीतरी सुचलंय. चार वर्षं झाली मॅडम, या घरात दुसरं बोलणं नाय." मला मान वर करवेना.

सर तोवर लाँगबुक काढत होते. तेव्हा मला कळलं, की तपासणीच्या त्या आठवड्यातच त्यांनी परदेशातल्या लोकांना पत्र लिहिलं होतं. त्या एका पत्राला त्यांनी मला बोलावलं नव्हतं, शब्दकोश घेऊन स्वतः लिहिलं होतं. "माझं काम पोरांसमोर फसलं, चूक सापडेपर्यंत माझी दुरुस्ती काढून टाका." त्या लोकांनी ती काढून टाकली. त्याबरोबर आमच्या मॉडेलचं नाव यादीतून गेलं आणि सरांचंही.

"असं का केलंत, सर?" मी विचारलं.

"तिकडं बी पोरं बसल्याली असत्यात की. त्यांच्या सरांची फजिती नको व्हायला."

आम्ही तिथंच बसून नवं पत्र लिहिलं. ते मराठीत, मी इंग्रजीत. मी खोटं बोलले हे मला लिहायचं होतं. त्यांनी लिहू दिलं नाही. "तुमचं काय करायचंय त्यांना? कोड बरोबर हाय, परत घ्या, एवढं लिहा."

उत्तर यायला आठवडा लागला. सरांनी ते उघडलं नव्हतं, मला फोन करून बोलावलं. मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. तिकडच्या लोकांना आनंद झाला होता. सर त्यांना आठवत होते. दुरुस्ती परत घ्यायला ते तयार होते. फक्त एक, मधल्या काळात बाकी सगळा ड्रायव्हर बदललाय, म्हणून खऱ्या बोर्डावर एकदा चालवून बघायला हवी. तिकडच्या दोन्ही शाळांनी तो बोर्ड कधीच बदलला, त्यांच्या माहितीत आता कुणाकडंच नाही. तेव्हा सरांनी आपल्या शाळेतल्या बोर्डावर एक रेघ काढून निकाल कळवावा, एवढीच विनंती.

शेवटचं वाक्य सांगून होईपर्यंत सर उठलेसुद्धा. "चला," पायात चपला सरकवत म्हणाले. "लॅपटॉप घेतो. अडगळीच्या खोलीची किल्ली तुमच्याकडंच असती ना? हेडसरांना मी विचारतो. एकच रेघ, दहा मिनिटं."

"सर, बोर्ड नाही."

"नाय म्हंजी?"

"उन्हाळ्याच्या सुट्टीत भंगारात दिला. जुन्या वस्तू दप्तरातून काढून टाकायची यादी असते ना, ती मीच केली. सही माझीच आहे."

"त्या यादीत कारण लिहावं लागतं," ते म्हणाले. "काय लिहिलं?"

"नादुरुस्त."

सरांनी चपला काढल्या, दाराशी नीट लावून ठेवल्या, आणि आत जाऊन काकूंना म्हणाले, "चहा ठेव. नाय जायचं आता शाळेत."